चांद्याची दीक्षा आणि बदललेला धम्म : बदल सांगून केला, की न सांगता?

१/ चिमूरचे नाव इतिहासात येते ते १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळे. या परिसराच्या आयुष्यात आणखी एक सोळा तारीख आहे : १६ ऑक्टोबर १९५६. त्या दिवशी चिमूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, जिल्ह्याच्या ठिकाणी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. नागपूरचा सोहळा होऊन अवघे दोन दिवस झाले होते. त्या दीक्षेमागोमाग एक अवघड प्रश्नही आला. तेथे जो धम्म दिला गेला, तो बुद्धांचाच होता का?

२/ हा प्रश्न सर्वांत कठोरपणे विचारला तो बौद्धांनीच. बाबासाहेबांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. १९५९ मध्ये रंगूनच्या ‘लाइट ऑफ द धम्म’ या नियतकालिकाने त्याच्यावर नापसंतीचा अभिप्राय दिला. त्याच वर्षी महाबोधि सोसायटीच्या मासिकातील परीक्षणकर्त्याने आणखी पुढे जाऊन सुचवले, की ग्रंथाचे नाव ‘आंबेडकर आणि त्यांचा धम्म’ असायला हवे होते. राजकीय हेतू आणि समाजसुधारणा यांसाठी अधम्म धम्म म्हणून सांगितला गेला, असा त्याचा आक्षेप होता.

३/ हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. चांद्याच्या मैदानावर उभे राहिलेल्यांत शेतमजूर होते, जाडेभरडे कापड विणणारे होते, गावकीची कोतवाली करणारे होते. बौद्ध म्हणून नोंद केल्यावर त्यांची किंमत चुकती करणे सुरू झाले. महाराष्ट्र राज्याने आपल्या पातळीवर सवलती चालू ठेवल्या, तरी केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना स्थान मिळायला १९९० साल उजाडावे लागले. एवढे मोल देऊन स्वीकारलेला धर्म ‘खरा’ नाही, असे कोणी म्हटले तर त्याचे उत्तर नीट शोधले पाहिजे.

४/ उत्तर शोधताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पहिला : शिकवण बदलली का? दुसरा : बदल करणाऱ्याने तो उघड केला का? जगातील कोणताही दीर्घायुषी धर्म पहिल्या प्रश्नातून सुटत नाही. प्रामाणिकपणाची कसोटी दुसऱ्या प्रश्नात आहे. ती कसोटी सर्वांना सारखी लावायची, तर सुरुवात प्राचीन भिक्खुसंघापासून करावी लागेल.

५/ बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पहिली संगीती भरली. विनयपिटकातील चुल्लवग्गात तिची हकिकत आहे. संघाची इच्छा असल्यास आपल्या पश्चात लहानसहान नियम रद्द करावेत, असे बुद्धांनी सांगितल्याचे आनंदाने तेथे निवेदन केले. लहानसहान म्हणजे नेमके कोणते, असे इतरांनी विचारले. आनंदाने बुद्धांना ते विचारलेच नव्हते. थेरांत एकमत होईना. अखेर महाकस्सपाच्या प्रस्तावावरून काहीच रद्द न करण्याचे ठरले. आनंदाला मात्र बोल ऐकावे लागले.

६/ या प्रसंगाकडे दोन बाजूंनी पाहता येते. बदलाची मुभा संस्थापकानेच दिली होती आणि संस्थेने ती वापरली नाही, ही एक बाजू. आपला गोंधळ आणि मतभेद संघाने स्वतःच्याच ग्रंथात नोंदवून ठेवले, ही दुसरी. परंपरेनुसार सुमारे शंभर वर्षांनी वैशालीला दहा मुद्द्यांवर पुन्हा वाद झाला. भिक्खूंनी सोने-रुपे स्वीकारावे की नाही, हा त्यांतला एक मुद्दा. तोही लपवला गेला नाही.

७/ मात्र सगळेच बदल असे नोंदले गेले नाहीत. बुद्धवचने शतकानुशतके मुखोद्गत होती. ती पाठ करणाऱ्यांना भाणक म्हणत. पालि तिपिटक लेखनबद्ध झाले ते श्रीलंकेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. बुद्धांच्या हयातीतही त्यांचे म्हणणे चुकीचे सांगितले जात होते. अरिट्ठ आणि साति या भिक्खूंनी आपल्या शिकवणीचा विपर्यास केला म्हणून बुद्ध त्यांना फटकारतात, अशी सुत्ते मज्झिमनिकायातच आहेत.

८/ आता सर्वांना ठाऊक असलेली कथा घेऊ. राजपुत्र सिद्धार्थ रथातून बाहेर पडतो. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहतो. आणि एका रात्री पत्नी व मूल झोपेत असताना घर सोडतो. पण दीघनिकायातील महापदान सुत्तात ही चार दृश्ये विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाच्या चरित्रात येतात. गौतम बुद्धांच्या चरित्रात ती विस्ताराने आली ती पुढे, निदानकथेसारख्या ग्रंथांत.

९/ मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्त तर वेगळेच सांगते. तेथे बुद्ध म्हणतात की आईवडील रडत असताना, त्यांची इच्छा नसताना, आपण केस-दाढी काढून घर सोडले. म्हणजे चोरपावलांनी केलेले रात्रीचे प्रयाण जुन्या थरात नाही. एका बुद्धाची कथा दुसऱ्याला लावली गेली आणि ऐकणाऱ्याला तसे कळलेही नाही. परंपरा जिला ‘मूळ’ म्हणते, त्या चरित्रातही न सांगता झालेला बदल असा आहे.

१०/ असाच एक बदल बौद्ध परंपरेबाहेर घडला. पुराणांनी बुद्धाला विष्णूचा अवतार ठरवले. भागवतात हा अवतार देवांच्या शत्रूंना मोहात पाडण्यासाठी आहे. बाराव्या शतकातील जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’त तोच अवतार पशुयज्ञाचा निषेध करणारा करुणामूर्ती होतो. फसवणारा ते करुणाकर, हा अंतराय कोठेही समजावून दिलेला नाही. महाराष्ट्रात आजही धार्मिक कृत्याच्या संकल्पात ‘बौद्धावतारे’ हा शब्द उच्चारला जातो. म्हणणाऱ्याला त्यामागची उलथापालथ क्वचितच ठाऊक असते.

११/ नागपूर आणि चांद्याच्या दीक्षेत बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील पाचवी याच अवतारकल्पनेला नकार देते. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे, हा प्रचार तिने खोटा ठरवला. या बावीस प्रतिज्ञा कोणत्याही पालि ग्रंथात नाहीत. त्या १९५६ साली रचलेल्या आहेत आणि त्यांचे कर्तृत्व कधी कोणापासून दडवले गेले नाही.

१२/ दीक्षेचा विधीही नवा होता. नागपूरला कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी यांनी बाबासाहेब आणि सविता आंबेडकर यांना दीक्षा दिली. त्यानंतर जमलेल्या जनसमुदायाला दीक्षा दिली ती स्वतः बाबासाहेबांनी, म्हणजे एका उपासकाने. चांद्यालाही तेच घडले. आपल्या ग्रंथात त्यांनी याचे कारण दिले आहे. पूर्वी संघात प्रवेशाचा विधी होता, गृहस्थासाठी धम्मप्रवेशाचा वेगळा विधी नव्हता. त्यामुळे उपासक एकाच वेळी अनेक धर्मांत वावरत राहिला, आणि भारतातील बौद्ध धर्माच्या ऱ्हासाचे ते एक कारण ठरले, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

१३/ ही भूमिका अचानक तयार झाली नव्हती. १९५० साली महाबोधि सोसायटीच्याच मासिकात त्यांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला होता. नव्या बौद्धांच्या हाती एकच सुटसुटीत धर्मग्रंथ असावा, भिक्खुसंघाचे ध्येय आणि घडण बदलावी, जगभर धर्मप्रसारक जावेत, अशा सूचना त्यात होत्या. नऊ वर्षांनी ज्या मासिकातून त्यांच्यावर टीका झाली, त्याच मासिकाच्या वाचकांना हा इरादा आधीच कळलेला होता.

१४/ ग्रंथाच्या परिचयात तर त्यांनी आपल्या शंका क्रमाने मांडल्या. चार प्रश्न : सिद्धार्थाने परिव्रज्या का घेतली? चार आर्यसत्ये ही बुद्धांची मूळ शिकवण आहे, की भिक्खूंनी नंतर घातलेली भर? आत्मा नाकारल्यावर कर्म आणि पुनर्जन्म यांचा मेळ कसा बसतो? भिक्खू घडवायचा तो स्वतःपुरता परिपूर्ण माणूस म्हणून, की समाजाचा सेवक म्हणून? धर्मग्रंथाच्या दारातच असे प्रश्न मांडणे फार क्वचित आढळते.

१५/ पहिल्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत ज्याने म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिलाच नाही, अशी व्यक्ती असणे त्यांना अशक्य वाटले. त्यांच्या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा पेटतो. शाक्य संघ युद्धाचा ठराव करतो. आठ वर्षे संघाचा सभासद असलेला सिद्धार्थ विरोध करतो, मतदानात हरतो आणि कुटुंबावर संकट येऊ नये म्हणून देशत्याग स्वीकारतो.

१६/ पालि अट्ठकथांत रोहिणीचा तंटा आहे, पण त्याचा काळ निराळा आहे. तेथे बुद्धत्व प्राप्त झाल्यानंतर बुद्ध स्वतः येऊन दोन्ही बाजूंची समजूत घालतात. हा तंटा गृहत्यागाशी जोडण्याचा विचार बाबासाहेबांच्या आधी एका मराठी पंडिताने मांडला होता. गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेले आणि चांदा जिल्ह्याच्या शेजारी, वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे १९४७ साली दिवंगत झालेले धर्मानंद कोसंबी.

१७/ कोसंबींचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ १९४० च्या सुमाराचा. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्तात, शस्त्र घेऊन भांडणारी माणसे पाहून आपल्याला भय आणि वैराग्य वाटले, असे बुद्ध सांगतात. कोसंबींनी त्या आधारावर शाक्य-कोलिय वैर हे गृहत्यागाचे कारण मानले. त्यांची मांडणी संशोधकाची होती. आधार समोर ठेवायचा, अनुमान अनुमान म्हणून सांगायचे आणि निर्णय वाचकावर सोपवायचा.

१८/ बाबासाहेबांनी मात्र हीच घटना धर्मग्रंथाच्या शैलीत, क्रमांकित वचनांत सांगितली. सभा, ठराव, मतदान, सेनापतीचे उत्तर, सगळे प्रत्यक्ष घडल्यासारखे. परिचयात प्रश्न उघड आहे. पण कथेच्या ओघात कोठला भाग पालि परंपरेतील आणि कोठला पुनर्रचनेतील, याची खूण नाही. प्रथमावृत्तीत संदर्भही जवळजवळ नव्हते. टीकाकारांच्या आक्षेपात तथ्य असेल, तर ते येथे आहे. त्यांनी हेतूवर जो संशय घेतला, त्याला मात्र यातून पुरावा मिळत नाही.

१९/ कर्माचा प्रश्न याहून खोल आहे. मज्झिमनिकायातील चूळकम्मविभंग सुत्तात माणूस नीच वा उच्च कुळात का जन्मतो, याचे उत्तर पूर्वकर्माने दिले आहे. शतकानुशतके हेच उत्तर गावकुसाबाहेरच्या माणसाला ऐकवले गेले होते. बाबासाहेबांनी ते नाकारले. कर्माचा नियम नैतिक व्यवस्थेपुरता आहे, मागच्या जन्मीचे कर्म या जन्मीचा दर्जा ठरवत नाही, असे त्यांनी लिहिले. चांद्याला हात जोडून उभ्या असलेल्या माणसासाठी त्या धम्माचा सगळा अर्थ या एका वाक्यार्थात होता.

२०/ पालि ग्रंथात असलेले नाकारायचे, तर कसोटी हवी. ती त्यांनी ग्रंथातच दिली. बुद्ध तर्कनिष्ठ होते, म्हणून जे तर्काला धरून नाही ते त्यांचे नसावे. ज्यात माणसाचे हित नाही, ते बुद्धवचन म्हणून स्वीकारू नये. आणि बुद्धांनी निश्चित विषय व अनिश्चित विषय यांत भेद केला होता, हे ध्यानात ठेवावे. यावर आक्षेप घेता येतो. बुद्ध तर्कनिष्ठ होते हेच सिद्ध करायचे असताना ते आधी गृहीत धरले आहे, असे कोणी म्हणू शकेल. पण वाद घालण्यासाठी लागणारे माप लेखकानेच वाचकाच्या हाती दिले आहे.

२१/ दीक्षेच्या आदल्या दिवशी, १३ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या पत्रकार परिषदेत या ताणाचे दर्शन घडते. आपला बौद्ध धर्म स्वतः बुद्धांनी सांगितलेल्या तत्त्वांना धरून असेल, हीनयान आणि महायान यांच्या वादात लोकांना ओढणार नाही, असे बाबासाहेबांनी सांगितले. त्याच वेळी त्याला एक प्रकारचे ‘नवयान’ म्हणता येईल, असेही ते म्हणाले. मूळ असल्याचा दावा आणि नवे असल्याची कबुली एकाच श्वासात आली. टीकाकारांनी पहिला भाग ऐकला, अनुयायांनीही बहुधा तोच ऐकला. दुसरा भाग दोघांनीही पुरेसा ऐकला नाही.

२२/ आता न सांगता झालेल्या एका बदलाकडे वळू. बाबासाहेबांनी १९५६ च्या पूर्वार्धात ग्रंथाला प्रस्तावना लिहिली होती. शाळकरी वयात कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र आपल्याला भेट दिले आणि तेथून बुद्धाकडे जाण्याची वाट सापडली, हे तिच्यात आहे. आजारपणात आपल्याला जगवल्याबद्दल डॉ. मालवणकर आणि पत्नी सविता यांच्याविषयी कृतज्ञताही आहे. ५ डिसेंबरच्या रात्री, निधनाच्या काही तास आधी, प्रस्तावना आणि परिचय यांचे कागद त्यांनी शेवटचा हात फिरवण्यासाठी जवळ मागून घेतले होते.

२३/ १९५७ साली सिद्धार्थ कॉलेजच्या वतीने ग्रंथ निघाला, तेव्हा परिचय छापला गेला; ती प्रस्तावना वाचकाला मिळाली नाही. बाबासाहेबांच्या निधनानंतर अनुयायांचा मोठा वर्ग सविताबाईंकडे संशयाने पाहत होता, ही त्या काळाची पार्श्वभूमी. भगवान दास यांनी १९८० साली ती प्रस्तावना प्रसिद्ध केली. मधली तेवीस वर्षे वाचकापुढे लेखकाचे स्वतःचे निवेदन नव्हते. शिकवणीत फरक पडला नाही, पण संस्थापकाच्या शब्दांतला एक भाग वारसदारांच्या काळात गळला. कसोटी सर्वांना सारखी लावायची, तर ती येथेही लावावी लागते.

२४/ उलट दिशेचे उदाहरणही याच परंपरेत आहे. भदंत आनंद कौसल्यायन यांनी ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना प्रत्येक मजकुराचे पालि मूळ शोधून काढण्याचे कष्ट घेतले. मूळ सापडले तेथे बाबासाहेबांनी ते कसे निवडले, कोठे आटोपते घेतले, कोठे बदलले, हे तपासण्याची सोय झाली. २०११ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने चिकित्सक आवृत्ती काढली. संदर्भ दाखवल्याने ग्रंथाची प्रतिष्ठा कमी झाली नाही. बाबासाहेबांचे वाचन किती अफाट होते, हेच त्यातून अधिक स्पष्ट झाले.

२५/ एकूण हिशेब असा. शिकवण बदलली का? होय. आर्यसत्यांचे स्थान, कर्माचा अर्थ, भिक्खूचे काम, दीक्षेचा विधी, सगळे बदलले. लपवून बदलले का? नाही. लेख, परिचय, पत्रकार परिषद आणि बावीस प्रतिज्ञा, चारही ठिकाणी बदल जाहीर आहे. उणीव राहिली ती रोहिणीच्या कथेसारख्या जागी, जेथे अनुमानाने घटनेचे रूप घेतले. महाबोधिच्या परीक्षणकर्त्याने मूळ म्हणून ज्या परंपरेचा दाखला दिला, तिच्यात अशा जागा कमी नाहीत.

२६/ दरवर्षी वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, विदर्भातील गावोगावच्या विहारांत या ग्रंथाचे मराठीतून वाचन होते. ऑक्टोबरच्या मध्याला जिल्ह्याभरातील माणसे चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जमतात. चिमूरकडच्या एखाद्या तरुणाने यंदा ग्रंथ हाती घेतला, तर सिद्धार्थाच्या जन्मकथेपाशी जाण्याआधी परिचयाची ती मोजकी पाने वाचावीत. ग्रंथकाराने आपल्या चार शंका तेथे स्वतःच्या नावाने लिहून ठेवल्या आहेत, आणि पाचवी विचारायला वाचकाला मोकळीक आहे.